गेम थिअरीवाले माणसाला कॅल्क्युलेटर समजतात म्हणे

गेम थिअरी (एकाचा फायदा दुसऱ्याच्या चालीवर ठरतो अशा प्रसंगांचं गणित) म्हणजे माणूस कायम हिशोबीच वागतो असं मानणारं शास्त्र, हे इतकी वर्षं फिरतंय की आता कोणी तपासतही नाही. राइनहार्ड सेल्टेन घ्या. जर्मनीत बॉनला इकॉनॉमिक्सचे प्रोफेसर होते, 1994 चं इकॉनॉमिक्सचं नोबेल गेम थिअरीतल्याच नॅश आणि हार्सानीसोबत. 1965 मध्ये पोकळ धमक्या गाळून टाकणारी समतोलाची (म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीची) कल्पना यांचीच, म्हणजे पक्के हिशोबी. आणि 1978 मध्ये त्यांनीच त्या लॉजिकला खिंडीत पकडलं: एका चेन स्टोअरची 20 गावांत दुकानं, प्रत्येक गावात एकेक करून स्पर्धक येऊ शकतो, शेवटच्या गावात भाव पाडून भांडण्यात काही फायदा नाही, मग एकोणिसाव्यातही नाही, असं मागे मागे येत गणित सांगतं की कुणाशीच भांडू नका. सेल्टेनचं म्हणणं, लॉजिक चोख आहे, पण मी मालक असतो तर सुरुवातीच्यांना दणका दिलाच असता, पुढचे घाबरतात की! (कुठलाही दुकानदार हेच सांगेल.) आणि माणूस खरा कसा वागतो हे त्यांनी नुसतं कागदावर नाही पाहिलं, 1959 मध्येच अर्थतज्ज्ञ झाउअरमान यांच्याबरोबर त्यांनी माणसांना प्रत्यक्ष खेळायला बसवून केलेले प्रयोग छापले होते, आणि 1984 मध्ये बॉनला त्यासाठी खास लॅबच काढली.