खूण आणि हातवारे: हात तेच, काम वेगळं

१९९२ च्या जानेवारीत अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष, थोरले जॉर्ज बुश, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होते. कॅनबेरात गाडीतून जाताना त्यांनी बाहेर जमलेल्या लोकांना दोन बोटांचा 'व्ही' करून दाखवला. हेतू अर्थातच चांगला होता, फक्त तळहात स्वतःकडे वळलेला राहिला. ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये व्ही असा उलटा दाखवला की ती चक्क शिवी होते. तळहात समोरच्याकडे केला असता, तर तोच चर्चिलचा विजयाचा व्ही. मनगट तेवढं वळलं, आणि बातमी झाली.

राजकारणी माणूस तासाभराच्या भाषणात कितीतरी वेळा हात उडवतो, मुठी वळतो, बोटं नाचवतो. त्याची बातमी कधी होत नाही. होऊही शकत नाही, कारण 'त्यांनी अमुक हातवारा केला, म्हणजे ते अमुक म्हणाले' असं सांगताच येत नाही. दोन्हीकडे हातच हलतात, म्हणून आपण दोन्ही गोष्टी 'देहबोली'च्या एकाच गाठोड्यात बांधतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

खूण शब्दाच्या जागी येते. अंगठा वर करणं, ओठांवर बोट ठेवणं, लांबून हात हलवून 'नको' म्हणणं, या सगळ्या खुणा. त्यांचा अर्थ ठरलेला असतो, तो शिकावा लागतो, आणि सरहद्द ओलांडली की तो बदलू शकतो. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेलं गोल अनेक ठिकाणी 'झकास' असतं. फ्रान्समध्ये त्याचा अर्थ 'शून्य, कवडीमोल' असा होऊ शकतो, जपानमध्ये 'पैसे', आणि ब्राझीलमध्ये ते करून दाखवण्याआधी दहादा विचार करावा. बल्गेरियात तर 'हो' म्हणताना मान आडवी हलते.

हातवारे शब्दांच्या जागी नाही, शब्दांच्या सोबत येतात. 'एवढा मोठा मासा' म्हणताना हात फाकतात, 'मग तिथून वळायचं' म्हणताना पंजा वळतो, नुसतं ठासून बोलतानाही हात ताल धरतो. त्यांचा शब्दकोश नाही. तोच फाकलेला हात पुढच्या वाक्यात माशाऐवजी कुणाचा तरी अहंकार दाखवत असेल.

हा फरक नीट पाहणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक म्हणजे डेव्हिड एफ्रॉन, मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे विद्यार्थी. हात हलवण्याची ढब वंशातून, रक्तातून येते, असं नाझी विचारवंत तेव्हा ठामपणे सांगत होते. एफ्रॉन यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन प्रकारच्या स्थलांतरितांचं निरीक्षण केलं: दक्षिण इटलीतून आलेले इटालियन आणि पूर्व युरोपातून आलेले ज्यू. इटालियनांकडे खुणांचा भरपूर साठा होता, आवाज ऐकू आला नाही तरी बरंच कळावं असा. ज्यूंचे हात मात्र विचारांची वळणं हवेत आखत जात, शब्द काढून घेतले तर त्यातून काही हाती लागत नसे. पण अमेरिकन समाजात मिसळलेल्या पुढच्या पिढीत हा फरक जवळपास पुसला गेला होता. १९४१ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं आणि रक्ताचा दावा उघडा पडला.

समोर दिसतंय ते यातलं काय, हे ओळखायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आवाज बंद करून बघा. व्हिडिओ कॉलवर माइक बंद असलेल्या माणसाने वर केलेला अंगठा सगळ्यांना कळतो. माइक बंद आहे हे विसरून तो तावातावाने हातवारे करत राहिला, तर लोक फक्त 'अहो, आवाज येत नाहीये' म्हणतात. खूण चुकीची होऊ शकते, हातवारा नाही. अंगठ्याऐवजी करंगळी वर केली तर ती 'झकास' राहत नाही, पण माशाची लांबी दोन हातांनी दाखवा की एका हाताने, बिघडत काहीच नाही. शिवाय खुणेचा जाब विचारता येतो. 'तू मला गप्प बसायची खूण का केलीस?' हा सरळ प्रश्न आहे. 'तू बोलताना उजवा हात असा का फिरवलास?' असं विचारलं तर समोरचा गोंधळतो. आपला हात फिरला, हेच बहुधा त्याच्या लक्षात नसतं.

मग हातवारे असतात तरी कुणासाठी? फोनवर बोलताना कुणीही बघत नसतं, तरी हात चालूच असतात. जे जन्मापासून बघू शकत नाहीत, तेही बोलताना हातवारे करतात, आणि ऐकणारा अंध आहे हे माहीत असतानाही करतात, असं जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी १९९८ मध्ये दाखवलं. म्हणजे बघून शिकण्याचा प्रश्नच नाही. हात हलू दिले नाहीत, तर जागा, दिशा, आकार यांविषयी बोलताना माणूस जास्त अडखळतो, हेही प्रयोगांत दिसलंय. हातवारे ऐकणाऱ्याच्या कामी येतातच, समोरासमोर चित्रदर्शी हातवारे जास्त होतात हेही खरं. पण बोलणाऱ्याला स्वतःलाच त्यांची गरज असते. खुणेचं असं नाही. रिकाम्या खोलीत ओठांवर बोट ठेवून कोण कुणाला गप्प करणार?

म्हणूनच हातवाऱ्यांतून कधीकधी असं काही निसटतं, जे बोलणाऱ्याने अजून शब्दांत मांडलेलंच नसतं. यातला माझा सर्वांत आवडता पुरावा लहान मुलांचा आहे. दोन सारखे ग्लास, दोन्हींत सारखंच पाणी. मुलाच्या देखत एका ग्लासातलं पाणी पसरट भांड्यात ओततात आणि विचारतात, दोन्हींत पाणी सारखंच आहे का? पाच-सहा वर्षांचं मूल बहुतेक वेळा 'नाही' म्हणतं. का, तर 'हा उंच आहे आणि ते बुटकं आहे'. तोंडाने फक्त उंची. पण काही मुलांचे हात त्याच क्षणी भांड्याच्या दोन्ही कडांभोवती गोल होतात. हात रुंदी दाखवत असतात. कोड्याचा उरलेला अर्धा भाग हातात आलाय, जिभेवर अजून यायचाय. ब्रेकिनरिज चर्च आणि गोल्डिन-मेडो यांनी १९८६ मध्ये हे नोंदवलं. ज्यांचं तोंड आणि हात असं वेगवेगळं बोलत होते, तीच मुलं शिकवल्यावर लवकर पुढे सरकली. शिक्षकांनी उत्तरपत्रिकेइतकंच मुलांच्या हातांकडे बघावं, असं मला यावरून फार वाटतं.

आता सल्लागारांचा धंदा. हाताची घडी म्हणजे मनाची दारं बंद, नाकाला हात म्हणजे खोटं, टेबलावर बोटं वाजवली म्हणजे अधीरता: असे तक्ते कुठेही मिळतात. गंमत अशी की यातल्या बऱ्याचशा हालचाली खुणाही नाहीत आणि हातवारेही नाहीत. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी १९६९ मध्ये केलेल्या वर्गीकरणात नाक खाजवणं, केस सारखे करणं, अंगठीशी चाळा करणं यांचा गट वेगळाच आहे. माणूस तिथे स्वतःच्या शरीराशी किंवा हातातल्या वस्तूशी काहीतरी करत असतो. थंडी वाजली, तरी हाताची घडी पडते. पण खुणेला अर्थ असतो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असल्याने प्रत्येक हालचालीमागे एक अर्थ असणारच, असं आपण धरून चालतो.

दुसरा सल्ला त्याच्या उलट: मुलाखतीत, भाषणात अमुक शब्दाला अमुक हात करा. हातवारे खुणांसारखे पाठ करायचे. तसं केलेलं कुठेतरी खोटं वाटतं, आणि त्याला कारण आहे. आपसूक आलेला हातवारा ज्या शब्दाशी बांधलेला असतो त्याच्याबरोबर किंवा त्याच्या किंचित आधी येतो. पाठ केलेला हात बहुतेकदा शब्दामागून धावत येतो. प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. 'हात स्थिर ठेवा' हा सल्ला तर त्याहून वाईट, कारण त्याने बोलणंच अडू शकतं.

कर्णबधिरांची सांकेतिक भाषा म्हणजे खुणांची मोठी यादी, अशी समजूत अजून टिकून आहे. ती चूक आहे. १९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेची अंतर्गत रचना मांडली, आणि या पूर्ण भाषा आहेत हे त्यानंतर हळूहळू मान्य झालं. त्यांना स्वतःचं व्याकरण आहे, आणि अमेरिकी सांकेतिक भाषा बोलणाऱ्याला ब्रिटिश सांकेतिक भाषा समजतही नाही. पण ही भाषा बोलणारे लोक हातवारेही करतात, त्याच हातांनी, वाक्य चालू असताना. गोल्डिन-मेडो आणि सहकाऱ्यांनी कर्णबधिर मुलांना गणितं सोडवताना पाहिलं, तेव्हा काहींचे हात भाषेत एक उत्तर देत होते आणि हातवाऱ्यात दुसरीच रीत दाखवत होते. अशा मुलांना पुढचा पाठ जास्त चांगला कळला.