वणवाग्रस्त डोंगरउतारांवरील दगडमातीच्या लोंढ्यांचे धोका-नकाशांकन

वणव्याने जळालेल्या उतारावर जोराचा पाऊस झाल्यास राख, माती, दगडगोटे आणि अर्धवट जळालेले ओंडके घळीतून एकत्र लोंढ्याने खाली येतात. असा लोंढा कोणत्या घळीतून, किती पावसाने आणि किती आकारमानाचा येऊ शकेल, याचा अंदाज पावसाआधीच बांधून नकाशावर मांडण्याची ही पद्धत आहे. कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१७च्या ‘थॉमस’ वणव्यानंतर ९ जानेवारी २०१८ रोजी माँटेसिटो येथे आलेल्या लोंढ्यांत २३ जणांचा बळी गेला.

आगीने पालापाचोळा व गवताचे आच्छादन नाहीसे होते आणि तीव्र आगीत मातीचा वरचा थर पाणी शोषेनासा होतो. याची पडताळणी सोपी आहे: राख बाजूला सारून मातीवर पाण्याचा थेंब ठेवावा; पाच सेकंदांनंतरही तो मुरला नाही, तर माती जलरोधी झाली आहे असे समजतात. त्यामुळे पावसाचे पाणी उतारावरून वेगाने धावते आणि घळीतला साचलेला गाळ उचलते. मुळे कुजल्याने होणारी घसरण मात्र काही वर्षांनी संभवते.

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या प्रतिमानात प्रत्येक लहान पाणलोटासाठी तीन बाबी विचारात घेतात: २३ अंश किंवा अधिक उताराचा मध्यम ते तीव्र जळालेला भाग, वणव्यापूर्वीच्या व नंतरच्या उपग्रहचित्रांतील फरक आणि मातीची धूपक्षमता. त्यांना १५ मिनिटांच्या पावसाच्या तीव्रतेची जोड देऊन लोंढ्याची शक्यता काढली जाते.

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ व सुरगाणा तालुक्यांच्या डोंगराळ भागात ही पद्धत वापरताना तिचे टप्पे घ्यावेत, आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. येथील वणवे बहुधा वाळलेले गवत व पाचोळा जाळत जमिनीलगत सरकतात, त्यामुळे माती कॅलिफोर्नियातील झुडपी रानाइतकी खोलवर भाजत नाही. उलट, फेब्रुवारी ते मे या काळात जळालेल्या उतारावर नवे गवत उगवण्याआधीच जूनचा पाऊस येऊन ठेपतो. भारतीय वन सर्वेक्षणाकडून मिळणाऱ्या आगीच्या सूचनांवरून ठिकाण कळते, जळालेल्या क्षेत्राची हद्द नव्हे; त्यासाठी ‘सेंटिनेल-२’ या युरोपीय उपग्रहांची २० मीटर विभेदनाची (चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २० मीटर लांबी-रुंदीचा तुकडा) चित्रे अधिक उपयोगी पडतात. येथे एक फसगत हमखास होते. नोव्हेंबरमधील हिरव्या चित्राशी मे महिन्यातील चित्राची तुलना केल्यास नुसते वाळलेले गवत आणि पानगळ झालेले रानही जळाल्यासारखे दिसते, शिवाय बेसाल्टचा काळा कातळ राखेशी मिळताजुळता भासतो. म्हणून वणव्याच्या लगेच आधीचे किंवा मागील वर्षीच्या त्याच महिन्याचे चित्र घ्यावे आणि शंकास्पद जागा पायी जाऊन पाहाव्यात. शेतकरी भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात (जमिनीवर पालापाचोळा पसरून जाळतात), ते तुकडेही वेगळे काढावे लागतात.

सह्याद्रीतील प्रत्येक दरडीचा संबंध वणव्याशी जोडणे मात्र चुकीचे ठरेल. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव गाडले गेले, ती दुर्घटना अतिवृष्टीतील होती. नकाशावर जळालेल्या उतारापेक्षा घळीचे मुख आणि त्याखालचे पाडे ठळक दाखवणे अधिक उपयोगाचे, कारण लोंढा जळालेल्या हद्दीच्या बराच खाली जाऊन पसरतो. पावसाच्या बाबतीत अडचण अशी की चोवीस तासांच्या बेरजेवरून १५ मिनिटांची सर ओळखता येत नाही. महसूल मंडळ पातळीवरील स्वयंचलित हवामान केंद्र पायथ्याच्या गावात असल्यास कड्यावर कोसळलेली सर तेथे नोंदली जाईलच असे नाही. त्यामुळे इशाऱ्याची पर्जन्यमर्यादा ठरवताना ती मुद्दाम कमी धरावी आणि पहिल्या पावसाळ्यातील प्रत्यक्ष नोंदींवरून सुधारावी.