मरणोत्तर छायाचित्रण (व्हिक्टोरियन काळ)

मरण पावलेल्या माणसाचे, त्यातही घरातल्या लहान मुलाचे, दफनापूर्वी छायाचित्र काढून घ्यायचे आणि ते आठवण म्हणून जपायचे, अशी प्रथा एकोणिसाव्या शतकात ब्रिटन, अमेरिका आणि युरोपातील अनेक देशांत रूढ होती. छायाचित्रणाचा शोध लागल्यावर काही वर्षांतच ती सुरू झाली.

त्याआधी मृताची छबी राखणे हे श्रीमंतांचे काम होते. कोणी चित्रकाराला बोलावून मृत्युशय्येवरचे चित्र काढून घेई, कोणी चेहऱ्यावर प्लास्टर ओतून मुखवटा घडवी. ऑगस्ट १८३९ मध्ये पॅरिसमध्ये लुई दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली आणि मध्यमवर्गालाही हुबेहूब चेहरा परवडू लागला. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणाऱ्या या चित्राला ‘दागेरोटाइप’ म्हणत. त्याची निगेटिव्ह नसे, म्हणून प्रतीही काढता येत नसत. मखमलीचे अस्तर लावलेल्या छोट्या डबीत ते बसवलेले असे. डबी उघडून विशिष्ट कोनात धरली की चेहरा दिसे, जरा कलली की पत्रा नुसता चकाके. काही डब्यांत मृताच्या केसांची बटही ठेवलेली आढळते. इंग्रज कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांनी १८४३ मधील एका पत्रात अशा छबीबद्दल लिहिले आहे. थोर चित्रकाराच्या कलाकृतीपेक्षाही जिवलगाची अशी छबी आपल्याला अधिक मोलाची वाटेल, असे त्या म्हणतात, कारण तिच्यात त्या व्यक्तीची सावलीच कायमची धरलेली असते.

प्रथेमागचे मोठे कारण बालमृत्यू. व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातील, इंग्लंडमध्ये जन्मलेल्या दर १,००० मुलांपैकी सुमारे १५० पहिला वाढदिवस पाहत नसत. त्यातून वाचलेल्यांना घटसर्प, स्कार्लेट फीवर (अंगावर लाल पुरळ आणणारा ताप), गोवर, डांग्या खोकला गाठत. छायाचित्र काढणे हा खर्चाचा आणि सवडीने करायचा बेत असल्याने मूल थोडे मोठे होऊ द्यावे, असा विचार आईबाप करत. मूल अचानक गेले की त्याची एकही छबी घरात नसे. छायाचित्रकाराला तेव्हा बोलावणे जाई, आणि त्याने काढलेले चित्र हे त्या मुलाचे पहिले आणि एकमेव चित्र ठरे. आज ही चित्रे पाहून अंगावर काटा येतो. पण ती मागवणाऱ्यांना मरणाचे आकर्षण नव्हते, त्यांना आपले मूल हवे होते.

व्यावसायिकांनी ही गरज ओळखली होती. बोस्टनमधील साउथवर्थ अँड हॉज हा नामांकित स्टुडिओ १८४० च्या दशकात मृतांची छायाचित्रे स्टुडिओत किंवा ग्राहकाच्या घरी येऊन काढून देण्याची जाहिरात करत असे. या कामाचे कसबही तयार झाले. मृताला पलंगावर किंवा कोचावर, जणू गाढ झोपल्यासारखे निजवत. तान्हे मूल आईच्या मांडीवर देत आणि कधी त्याच्या हाताशी फुले किंवा खेळणे ठेवत. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार एन. जी. बर्जेस यांनी १८५५ मध्ये या विषयावर लेख लिहिला. निष्प्राण देहाच्या छबीत चैतन्य येत नाही. झोपल्यासारखे दिसणारे तान्हे मूल तेवढे त्याला अपवाद, असे त्यांचे निरीक्षण होते. अल्बर्ट साउथवर्थ यांनी १८७३ मध्ये आपल्या व्यवसायबंधूंना देहाचे ताठलेले सांधे वाकवून सहज ठेवण कशी साधावी हे सांगितले. काही चित्रांत गालांवर हाताने फिकट गुलाबी रंग चढवलेला दिसतो. शतकाच्या उत्तरार्धात झोपेचा भास मागे पडत गेला आणि शवपेटी, पुष्पचक्रे व भोवती उभे कुटुंब अशी चित्रे वाढली.

राजघराणेही याला अपवाद नव्हते. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी विंडसर येथे वारले. त्यांच्या मृत्युशय्येवरील छायाचित्र विल्यम बॅम्ब्रिज यांनी काढले.

या प्रथेविषयी आज सर्वाधिक पसरलेली समजूत खोटी आहे, म्हणून तिच्याबद्दल विस्ताराने सांगायला हवे. लोखंडी स्टँडच्या आधाराने मृतांना उभे करून छायाचित्र काढत, असे इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळते. असे स्टँड होते, पण ते जिवंतांसाठी. सुरुवातीच्या छायाचित्रणात माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. जरा हलले तरी चेहरा पुसट होई. म्हणून मानेमागे चिमट्यासारखा आधार लावत. त्या हलक्या स्टँडने प्रौढ माणसाचे निष्प्राण शरीर तोलले जाणे शक्य नाही. चित्रात पायांमागे स्टँडचा तळ दिसला, तर ती व्यक्ती त्या वेळी जिवंत होती असेच बहुधा समजावे. टक लावलेले किंवा फिकट दिसणारे डोळे हाही पुरावा नव्हे, कारण त्या काळच्या रसायनांत निळे डोळे जवळजवळ पांढरे उमटत. कापडाखाली लपलेल्या आईने सावरून धरलेली कितीतरी जिवंत बाळेही आज ‘मृत’ म्हणून विकली जातात. जुन्या छायाचित्रांच्या बाजारात तसा शिक्का बसला की किंमत चढते. एखाद्याच्या हसत्याखेळत्या मुलाला पैशांसाठी मृत ठरवणे हा त्या कुटुंबावर अन्याय आहे.

प्रथा ओसरली ती छायाचित्रण स्वस्त झाल्यावर. १८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी. आता जिवंतपणीची चित्रे घरोघरी साठू लागली, बालमृत्यू घटले, मरण घरातून रुग्णालयात गेले आणि देहाची अंत्यविधीपूर्वीची तयारी व्यावसायिकांकडे. तरी ही प्रथा पुरती थांबली नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स व्हॅन डर झी विसाव्या शतकातही अशी छायाचित्रे काढत होते. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत वारले, तेव्हा पद्मासनात बसवलेल्या त्यांच्या पार्थिवाचीही छायाचित्रे निघाली. मात्र त्यांचा संबंध घरगुती आठवणीपेक्षा लोकदर्शनाशी अधिक. अमेरिकेत २००५ पासून ‘नाऊ आय ले मी डाऊन टू स्लीप’ ही संस्था मृत जन्मलेल्या किंवा जन्मतःच दगावणाऱ्या बाळांची छायाचित्रे आईबापांना विनामूल्य काढून देते.

जुने चित्र खरोखर मरणोत्तर आहे का, हे ठरवताना शवपेटी, पुष्पचक्र, देहाची ठेवण आणि मुख्यतः डबीत किंवा चित्राच्या मागे कुटुंबीयांनी लिहिलेला मजकूर पाहतात. असा मजकूर असलेली चित्रे थोडी. बाकीच्यांतील मुलांची नावे हरवली आहेत.