हातचा एक आणि गुरुत्वाकर्षण

लॅमिंग्टन रोडवरच्या एका ओळखीच्या दुकानदाराच्या पोटमाळ्यावर, जुन्या व्हीसीआरच्या सांगाड्यांखाली, मला बीबीसी मायक्रो हा जुना संगणक सापडला. बदामी रंगाचं खोकं, वरच्या ओळीत लालसर फंक्शन बटणं, आणि कीबोर्डच्या फटींत कित्येक पावसाळ्यांची बुरशी. "कुठल्यातरी शाळेच्या लिलावातला माल आहे, न्या उचलून," दुकानदार म्हणाला. घरी आणून आधी पॉवर सप्लाय उघडला. वीज जिथून आत येते तिथले दोन कपॅसिटर मुंबईच्या दमट हवेने तडकले होते. तसंच बटण दाबलं असतं तर घरभर जळका धूर झाला असता आणि आईने मला यंत्रासकट बाहेर काढलं असतं. नवे कपॅसिटर टाकले, माळ्यावरचा डबडा टीव्ही जोडला. आधी जाड आवाजात 'बूऽऽ', मग बारीक 'बीप', आणि पडद्यावर अक्षरं: बीबीसी कॉम्प्युटर ३२के.

त्या दोन सुरांनी मी थेट शाळेत जाऊन पोचलो. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळाशाळांतून संगणक पोचवण्यासाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात हीच यंत्रं आली होती. आमच्या शाळेत बूट बाहेर काढून, मोज्यांवर आत जायचं. एका यंत्रापुढे चौघे. गेम खेळायला सक्त मनाई, त्यामुळे गेमची कॅसेट कुणाच्या दप्तरात आहे हे वर्गशिक्षक सोडून सगळ्यांना ठाऊक असायचं.

आमचा गेम म्हणजे 'थ्रस्ट'. जेरेमी स्मिथने लिहिलेला, १९८६ मध्ये याच यंत्रासाठी बाजारात आलेला. पडद्यावर रेघांनी काढलेलं चिमुकलं यान. ते डावीकडे वळवता येतं, उजवीकडे वळवता येतं, मागचं इंजिन पेटवता येतं आणि गोळी झाडता येते. ब्रेक नाही. खाली ग्रह आहे आणि तो यानाला सतत ओढतोय. गुहेत शिरायचं, भिंतीवरच्या तोफा चुकवायच्या, खाली ठेवलेला एक गोळा उचलायचा आणि त्याला घेऊन वर पळायचं. त्याच्या चार वर्षं आधी आर्केडमध्ये आलेल्या 'ग्रॅव्हिटार'चं हे धाकटं भावंड, पण गोळा उचलण्याची भानगड याने चांगलीच वाढवून ठेवली.

माझी भाची बारा वर्षांची. मोबाइलवरचे गेम ती डोळे मिटून जिंकते. इथे पहिल्या पाच मिनिटांत तिने आठ यानं आपटली.

"मामा, मी बटण सोडलं तरी हे थांबत का नाही?"

गॅलिलिओला आणि न्यूटनला जे लोकांच्या गळी उतरवायला घाम गाळावा लागला, ते सगळं या प्रश्नात आहे. आपल्या रोजच्या जगात वस्तू थांबतात, कारण घर्षण फुकटात ब्रेक मारून देतं. यानाला तो ब्रेक नाही. उजवीकडे सुटलेलं यान थांबवायचं तर त्याचं तोंड डावीकडे फिरवून, जेवढा वेळ इंजिन पेटवलं होतं तेवढाच वेळ पुन्हा पेटवायचं. मी तिला म्हटलं, दादरला गाडी पुरती थांबायच्या आत उतरणारे लोक बघतेस ना? ते फलाटावर पाय टेकले की गाडीच्या दिशेने चार पावलं धावतात. गाडीने दिलेला वेग अंगात असतो, तो कुठेतरी खर्च करावाच लागतो. (तू उतरू नकोस, हेही सांगितलं. मामाचं कर्तव्य.)

आता खरी गंमत. हे यंत्र प्रत्येक सेकंदाला २० लाख ठोके टाकणाऱ्या ६५०२ नावाच्या चिपवर चालतं. या चिपला गुणाकार येत नाही, भागाकार येत नाही. दशांश म्हणजे काय ते माहीत नाही. येते ती बेरीज-वजाबाकी, तीही एका वेळी ० ते २५५ एवढ्याच आकड्यांची. मग तिला गुरुत्वाकर्षण कसं जमलं?

दोन बेरजांनी. टीव्हीवरचं चित्र सेकंदाला ५० वेळा नव्याने रंगतं. असा गेम लिहिणारा दर खेपेला एवढंच करतो: वेगात गुरुत्वाकर्षण मिळवायचं, मग जागेत वेग मिळवायचा. संपलं.

अडचण येते ती आकड्यांच्या आकाराची. पडद्याला उभे २५६ ठिपके आहेत. गुरुत्वाकर्षण १ ठिपका ठेवलं, म्हणजे दर खेपेला वेग एकेक ठिपक्याने वाढवला, तर यान वरून सुटून अर्ध्या सेकंदाच्या आत तळाला आपटेल. खेळणाऱ्याचं बोट बटणापर्यंत पोचायच्या आत खेळ खलास. म्हणजे गुरुत्वाकर्षण ठिपक्याच्या एका तुकड्याएवढं हवं, आणि तुकडे तर चिपला कळत नाहीत.

यावरची युक्ती आपण दुसरीत शिकलेलो असतो: हातचा. प्रत्येक आकड्याला शेजारी शेजारी दोन खाने द्यायचे. डावीकडे पूर्ण ठिपके, उजवीकडे ठिपक्याचे २५६ भाग. दर खेपेला उजव्या खान्यात, समजा, ३ मिळवायचे. तिथली बेरीज २५५ च्या पुढे गेली की खाना शून्याजवळ परत येतो आणि हातचा एक डावीकडे जातो. चिपच्या बेरजेच्या सूचनेत हा हातचा आपोआप धरला जातो. अशी दोन खान्यांची एक बेरीज साधारण २० ठोक्यांत, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागात होते. दोन चित्रांच्या मध्ये ४०,००० ठोके हाताशी असतात. गुरुत्वाकर्षण स्वस्त पडतं. ठोके खातं ते यान पुसून पुन्हा काढणं आणि ते भिंतीला लागलं का हे बघणं.

३ भागांच्या हिशेबाने कागदावर करून बघा. पहिल्या सेकंदाअखेर यान सुमारे १५ ठिपके खाली येतं, दुसऱ्याअखेर ५९, तिसऱ्याअखेर १३३, आणि चार सेकंद उलटता उलटता पडदा संपतो. सेकंदागणिक कापलेलं अंतर १५, ४४, ७४. भागून पाहिलंत तर जवळजवळ १, ३, ५ हे प्रमाण येतं. पडणारी वस्तू समान वेळांत विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने उतारावरून गोळे घरंगळवून शोधलं होतं. प्रोग्राममध्ये विषम संख्या कुणी लिहिलेल्या नाहीत, वर्गही कुणी केलेला नाही. हातच्यांच्या ढिगातून त्या आपसूक वर येतात. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी वही घेऊन गॅलरीत बसलो होतो आणि चहा गार होऊन गेला.

सगळीकडे सारखंच गुरुत्वाकर्षण धरणं ही लबाडी आहे का? फारशी नाही. मुंबईच्या किनाऱ्यावरून १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर गेलात, तरी स्प्रिंगच्या काट्यावर किलोमागे फार तर अर्धा ग्रॅम घटेल. गुहेएवढ्या जगात तेवढा फरक धरायची गरज नाही. पण यान ताऱ्याभोवती फिरवायचं असेल तर अंतरानुसार ओढ बदलावी लागते, आणि तिथे मात्र त्या दोन बेरजांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी वेग बदलून मग यान सरकवलं तर कक्षा टिकते. आधी यान सरकवून मग जुन्या जागेच्या ओढीने वेग बदलला, तर यान फेरीगणिक थोडं थोडं बाहेर सरकत पळून जातं. ओळी त्याच, फक्त वरखाली. टिकणारी पद्धत न्यूटनच्या १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त पहिल्याच प्रमेयात आकृतीसह आहे: वस्तू थोडा वेळ सरळ जाते, मग तिला केंद्राकडे एक धक्का, पुन्हा सरळ, पुन्हा धक्का. वाकडी कक्षा त्याने सरळ तुकड्यांची करून दाखवली आणि समान वेळांत समान क्षेत्रफळ व्यापलं जातं हे सिद्ध केलं. गेमवाल्यांनी तेच केलं, बहुतेकांनी त्याचं पुस्तक न उघडता.

अर्थात काटकसर सगळ्यांनाच करावी लागली. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पीडीपी-१ या कपाटाएवढ्या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा गेम खेळला जायचा. मधोमध तारा, भोवती दोन यानं. तारा यानांना ओढायचा, पण यानांतून सुटलेल्या टॉर्पेडोंना नाही, कारण तेवढा हिशेब करायला यंत्राला फुरसत नव्हती. आणि १९६९ मध्ये, माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी, जिम स्टोरर नावाच्या अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलाने चंद्रावर उतरण्याचा गेम लिहिला. चित्र नाही, नुसते आकडे छापून येणारा. त्यात एका ठिकाणी दोनने भागायचं राहून गेलं होतं, ते २०२४ मध्ये उघडकीला आलं. पंचावन्न वर्षं लोक त्या चुकीच्या चंद्रावर व्यवस्थित उतरत होते.

यान तिरकं असताना इंजिन पेटवलं तर किती जोर वर आणि किती आडवा? त्यासाठी त्रिकोणमितीतली साइन लागते, आणि गुणाकार न येणाऱ्या चिपकडून साइन काढून घेणं म्हणजे दगडाला दूध मागणं. म्हणून तक्ता आधीच तयार करून ठेवतात. यान ३२ दिशांना वळतं असं धरा. दोन दिशांमध्ये सव्वाअकरा अंश, म्हणजे पाव वर्तुळात आठ पायऱ्या. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये 'ज्यां'चा (ज्या म्हणजे साइनचं जुनं भारतीय रूप) तक्ता एका श्लोकात बसवला, त्यात पाव वर्तुळाचे २४ भाग आहेत, प्रत्येकी पावणेचार अंशांचे. आर्यभटाच्या तीन पायऱ्या म्हणजे आपल्या यानाची बरोबर एक! श्लोकात त्याने थेट ज्या दिलेल्या नाहीत, फरक दिले आहेत: २२५, २२४, २२२, २१९... पहिल्या तिघांची बेरीज ६७१. ३,४३८ त्रिज्येला सव्वाअकरा अंशांची ज्या तीच. म्हणजे इथेही नुसती बेरीज. श्लोक छोटा ठेवायचा की मेमरी वाचवायची, दोघांची नड एकच.

या सगळ्यावर मात करून भाचीने संध्याकाळी गोळ्यापर्यंत मजल मारली. उचलला. आणि ती किंचाळली.

कारण गोळा यानाला ताठ दांडीने जोडला जातो, आणि जोडला गेला की दोघांचं मिळून एक नवंच जनावर तयार होतं. त्याचा तोल यानात नसतो, दांडीवर मध्ये कुठेतरी, दोघांच्या सामाईक गुरुत्वमध्यापाशी असतो. दांडीच्या रेषेत ओढलंत तर ठीक. जरा तिरकं ओढलंत की दोघं त्या मध्याभोवती गरगरतात, मग यान गोळ्याला ओढत नाही, गोळा यानाला फरफटवतो. गिरगावात आमच्या चाळीत आजी तिसऱ्या मजल्यावरून दोरीला टोपली बांधून खाली सोडायची, भाजीवाला त्यात भाजी टाकायचा. मी हिसका देऊन ओढायचो, टोपली झोके घेत दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर आदळायची आणि टोमॅटो रस्त्यावर. आजी नुसती उभी राहून, हिसका न देता, झोका एका टोकाला गेला की थोडी दोरी आत घ्यायची. "घाई करू नको रे, तिला स्थिर होऊ दे." थ्रस्टमध्येही हाच मार्ग आहे. झोका येईल त्या बाजूला यान आधीच सरकवून ठेवायचं, आणि इंजिनाला हप्त्याहप्त्याने हात लावायचा.

जास्तीच्या सुधारणेने काम बिघडतं, हे भाचीला दोन दिवसांत कळलं. डावीकडे झुकलं म्हणून जोरात उजवीकडे, मग त्याहून जोरात डावीकडे, मग भिंत. तेव्हा मी तिला सप्टेंबर २०१९ ची गोष्ट सांगितली. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरताना इंजिनांनी अपेक्षेपेक्षा थोडा जास्त जोर दिला. त्या चुका साठत गेल्या. मग त्या एकदम निस्तरायला यानाला झपाट्याने वळावं लागलं, आणि वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा आडवी आली. शिवाय उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांबरुंद. २०२३ मध्ये इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष सोमनाथ यांनी हे मोकळेपणाने सांगितलं. चांद्रयान-३ मध्ये पाचाऐवजी चार इंजिनं, जास्त इंधन, आणि ४ किलोमीटर लांब, जवळपास अडीच किलोमीटर रुंद मैदान. २३ ऑगस्ट २०२३ ला ३० किलोमीटर उंचीवरून, सेकंदाला सुमारे १.६८ किलोमीटर वेगाने सुरू झालेली घसरण संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर शून्यावर आली. त्यातला बहुतेक वेळ विक्रमचं तोंड उलटं होतं, इंजिनं प्रवासाच्या दिशेला. यान थांबवायला फिरवतात, तसंच.

"आणि मग?" तिने विचारलं.

मग ३ सप्टेंबरला त्यांनी विक्रमची इंजिनं पुन्हा पेटवली. यान जागेवरून साधारण ४० सेंटिमीटर वर उचललं गेलं आणि तीसचाळीस सेंटिमीटर पलीकडे अलगद टेकलं.

भाचीने माझ्याकडे बघितलं. पडद्यावर तिचं यान गोळ्यासकट गुहेच्या तोंडाशी तरंगत होतं, कोपऱ्यातल्या आकड्याकडे तिचा एक डोळा.

"म्हणजे त्यांचं इंधन उरलं होतं," ती म्हणाली आणि बटणाला एक हलकी टिचकी मारली.