तारखा राहिल्या, हिशोब निसटला: शेड्यूलिंग सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत कुठल्याही मोठ्या साइटच्या पोर्टा केबिनमध्ये डोकावलं, तर भिंतीवर आडव्या पट्ट्यांचा तक्ता चिकटवलेला दिसतो. बहुतेक वेळा तो प्रायमावेरा किंवा मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या शेड्यूलिंग म्हणजे कामाचं वेळापत्रक आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेला असतो. सोळावा स्लॅब कधी, असं प्लॅनिंग इंजिनिअरला विचारलं की तारीख लगेच मिळते. सोळाव्या स्लॅबपर्यंत खर्च किती व्हायला हवा होता आणि झाला किती, असं विचारलं की उत्तर येतं, "ते बिलिंगवाल्यांना विचारावं लागेल." वेळ एका टेबलावर आणि पैसा दुसऱ्या. आता ही सॉफ्टवेअर ज्या पद्धतीवर उभी आहेत, ती पद्धत निघाली होती पैशाच्याच प्रश्नातून.

पट्ट्यांचा तक्ता तिच्याही आधीचा. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये तशी मांडणी केली होती. अमेरिकेत हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात आपला तक्ता रूढ केला आणि नाव त्यांचंच चिकटलं. काम कधी सुरू आणि कधी संपणार हे पट्टी सांगते, पण एक काम लांबलं तर पुढची कुठली कामं ढकलली जातील, हे त्या काळच्या तक्त्यातून कळायचं नाही.

ते कळलं ड्यूपाँट या रसायन कंपनीत. नवे प्लांट उभारताना आणि चालू प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवताना दर दिवसाला पैसा जातो, मग काम लवकर उरकण्यासाठी जादा पैसा ओतायचाच असेल तर तो नेमका कुठल्या कामावर ओतायचा, हा त्यांचा प्रश्न होता. १९५६-५७ मध्ये ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी युनिव्हॅक संगणकावर त्याचं उत्तर शोधलं. तीच क्रिटिकल पाथ पद्धत. क्रिटिकल पाथ म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची सर्वांत लांब साखळी; तिच्यातलं काम लांबलं की अख्खा प्रकल्प लांबतो.

तिचा गाभा आपल्या साइटवरच्या उदाहरणाने पाहू. समजा, शटरिंगचा म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याचा एक सेट आहे आणि स्लॅबची सायकल, म्हणजे एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचा वेळ, बारा दिवसांची आहे. दुसरा सेट भाड्याने आणला तर ती नऊ दिवसांवर येते. भाडं वाढलं, पण टॉवर क्रेनचं भाडं, सुपरवायझरचे पगार, साइटचं वीजबिल आणि बँकेचं व्याज दर स्लॅबमागे तीन-तीन दिवसांनी कमी झालं. आता फायदा की तोटा? उत्तर 'तो स्लॅब क्रिटिकल पाथवर आहे का' यावर अवलंबून असतं. नसेल, तर दुसऱ्या सेटचे पैसे निव्वळ वाया. केली आणि वॉकर यांच्या मूळ मांडणीत त्यामुळेच प्रत्येक कामाला दोन वेळा आणि दोन खर्च होते: नेहमीची गती आणि घाईची गती. सिव्हिलच्या मुलांनी क्रॅशिंगची, म्हणजे जादा पैसे मोजून काम लवकर उरकण्याची, ही गणितं परीक्षेत सोडवलेली असतात. साइटवर मात्र ती सोडवणारा माणूस विरळाच.

१९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही नियोजनाची पद्धत आणली. तिथे पैशापेक्षा अनिश्चितता मोठी होती, म्हणून प्रत्येक कामाला आशावादी, संभाव्य आणि निराशावादी असे तीन अंदाज. (निराशावादी अंदाज क्लायंटला दाखवायचा नाही, हा आपल्याकडचा अलिखित नियम त्यात नव्हता.)

हिशोब निसटला तो यानंतर. एनिअॅक संगणकाच्या जनकांपैकी एक जॉन मॉकली यांनी १९५९ मध्ये मॉकली असोसिएट्स काढली आणि त्यांच्याबरोबर केली, वॉकरही क्रिटिकल पाथ शिकवू-विकू लागले. घेणाऱ्या कंपन्यांकडे प्रत्येक कामाचे दोन-दोन खर्च तयार नव्हते आणि संगणकाचा वेळही फार महाग होता. म्हणून खर्चाची बाजू मागे ठेवून वेळेवर भर दिला गेला. धंद्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं, पण जगभर पसरली ती ही अर्धी पद्धत.

राहिलेलं अर्धं अमेरिकी संरक्षण खात्याने वेगळ्या वाटेने परत आणलं. १९६२ चं पर्ट-कॉस्ट आणि खर्च-वेळ नियंत्रणाचे १९६७ चे पस्तीस निकष यांतून पुढे अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची बजेटमधली किंमत मोजण्याची पद्धत, उभी राहिली. गणित सोपं आहे. महिनाअखेर ५० लाखांचं काम व्हायचं होतं, झालं ४० लाखांचं आणि खर्च झाले ४८ लाख. नुसता खर्च पाहणारा म्हणेल, दोन लाख वाचले! प्रत्यक्षात काम मागे आहे आणि प्रत्येक रुपयामागे साधारण ८३ पैशांचंच काम पदरात पडतंय. हीच चाल राहिली तर ६ कोटींची इमारत ७ कोटी २० लाखांना पडेल.

१९८३ मध्ये प्रायमावेरा कंपनी निघाली, १९८४ मध्ये डॉसवर मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट आलं, आणि हे सगळं मेनफ्रेमच्या खोलीतून टेबलावर उतरलं. २००८ मध्ये ओरॅकलने प्रायमावेरा विकत घेतली. आपल्याकडे बांधकाम व्यवस्थापन शिकवणारी निकमार संस्था सुरू झाली तीही १९८३ मध्येच. तिच्या बालेवाडीच्या कॅम्पसमधून बाहेर पडलेली कितीतरी मुलं आज प्लॅनिंगच्या खुर्चीवर आहेत. सॉफ्टवेअरमध्ये रिसोर्स, दर, बजेट, अर्न्ड व्हॅल्यू सगळं आहे. ते रकाने रिकामे राहतात, त्याचं कारण आळस नव्हे.

कारण आहे बीओक्यू, म्हणजे टेंडरमधली कामांच्या परिमाणांची आणि दरांची यादी. टेंडरमध्ये 'एम-२५ काँक्रीट' ही अख्ख्या इमारतीसाठी घनमीटरमधली एकच ओळ असते. मेजरमेंट बुक तसंच, आरए बिल (कंत्राटदाराचं चालू कामाचं बिल) तसंच. शेड्यूलमध्ये मात्र 'बी विंग, सातवा मजला, स्लॅब' असं काम असतं, आणि त्यात काँक्रीट, सळई, शटरिंग अशा तीन-चार ओळींचे तुकडे येतात. एकाच कामाच्या या दोन याद्या कुणीतरी जोडाव्या लागतात. जोडणी सुरुवातीलाच केली नाही तर महिनाअखेरीस एक्सेलमध्ये रात्र जागून होते, आणि तोवर निर्णयाची वेळ टळलेली असते. माझ्या मते सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगवर होणाऱ्या खर्चातला निम्मा या जोडणीवर केला तरी फरक दिसेल.

सरकारी कामात आणखी एक अडचण असते. 'जागा ताब्यात मिळणे' हे शेड्यूलमध्ये बहुधा शून्य दिवसांचा टप्पा (माइलस्टोन) म्हणून टाकलेलं असतं. पुण्याच्या चांदणी चौकातल्या पुलाचं भूमिपूजन २०१७ मध्ये झालं, जुना पूल स्फोटकांनी पाडला २ ऑक्टोबर २०२२ रोजी आणि नवा पूल खुला झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. मधल्या वर्षांचा मोठा भाग भूसंपादनात गेला. अशा वेळी शेड्यूलचा उपयोग उरतो तो हिंडरन्स रजिस्टरला (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीला) जोडून मुदतवाढ मागण्यापुरता. वाढलेला खर्च कुणाच्या माथी, हा वाद पुढे वेगळ्या फाइलीत चालतो.

दोन्ही याद्या एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न महामेट्रोने केला. नागपूर मेट्रोपासून त्यांनी फाइव्ह-डी बिम, म्हणजे बांधकामाच्या माहितीचं पाच मितींचं संगणकीय मॉडेल, स्वीकारलं आणि पुणे मेट्रोलाही ते लावलं. त्रिमितीय मॉडेल, चौथी मिती वेळ, पाचवी खर्च. मॉडेलमधल्या खांबालाच तारीखही चिकटलेली आणि दरही.

खासगी बांधकामात हे काम कायद्याने केलं. १ मे २०१७ पासून गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं महारेरा प्राधिकरण सुरू झालं. ग्राहकांकडून आलेल्या पैशाचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि काम पुढे सरकेल त्या प्रमाणातच काढायचा. त्यासाठी आर्किटेक्ट प्रत्यक्ष काम किती टक्के झालं ते प्रमाणित करतो, इंजिनिअर अंदाजित आणि झालेला खर्च, आणि सीए त्यावर पैसे काढण्याचा हिशोब. आरसीसी संपलं की इमारत रस्त्यावरून पूर्ण दिसते, पण लिफ्ट, प्लंबिंग, फरशी, रंग बाकी असतो, आणि या कागदांत तो फरक उघडा पडतो. ज्यांनी बीओक्यू आणि शेड्यूल आधीच जोडून ठेवलंय, त्यांच्याकडे हे आकडे एकाच फाइलमधून निघतात. बाकीच्यांकडे पैसे काढायची वेळ आली की आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांच्यात फोनाफोनी सुरू होते.