भांडणाची तालीम

वरच्या मजल्यावर रात्री साडेअकराला खुर्च्या सरकतात. खाली एकाची परीक्षा तोंडावर आलेली. तो वर जाऊन दार ठोठावतो, शब्दाने शब्द वाढतो आणि दार धाडकन लागतं. आठ-दहा मिनिटांचा प्रवेश असा बिनसूनच संपतो. मग सूत्रधार विचारतो, 'हे कुठे वळवता आलं असतं?' प्रवेश पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, पण आता कोणीही प्रेक्षक 'थांबा' म्हणून उठू शकतो, खालच्या शेजाऱ्याची जागा घेऊ शकतो आणि आपला उपाय करून पाहू शकतो.

हे फोरम थिएटर. ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगुस्तो बोआल (१९३१–२००९) यांनी ते १९७३च्या सुमारास पेरूतल्या साक्षरता मोहिमेत काम करताना घडवलं. आधी प्रेक्षक उपाय सुचवत आणि नट तो वठवत. एका बाईंना मात्र नटांनी पुन्हा पुन्हा करूनही आपलं म्हणणं उतरलंय असं वाटेना. अखेर बोआल यांनी त्यांनाच रंगमंचावर बोलावलं, आणि तिथून पद्धत बदलली.

'शांतपणे बोला' हा सल्ला कोणाला माहीत नसतो? समोरचा आवाज चढवतो तेव्हा तो आठवत नाही, ही खरी अडचण. म्हणून सराव तापलेल्या प्रसंगातच व्हावा लागतो. शिवाय भूमिका स्वतः करण्याचा परिणाम नुसतं ऐकण्यापेक्षा खोल जातो. १९६५ साली मानसशास्त्रज्ञ इर्व्हिंग जॅनिस आणि लिऑन मान यांनी धूम्रपान करणाऱ्या तरुणींपैकी काहींना कर्करोगाचं निदान नुकतंच कळलेल्या रुग्णाची भूमिका करायला लावली, तर इतरांना अशाच संवादाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. सवयीबद्दलचं मत भूमिका करणाऱ्यांचं जास्त बदललं.

प्रयोग बांधायला चार-पाच नट, वीस ते चाळीस प्रेक्षक आणि दीड-दोन तास पुरतात. पहिली पंधरा-वीस मिनिटं खेळांना द्यावीत. जोडीने आरशासारख्या हालचाली करणं किंवा शरीरानेच एखादं चित्र उभं करणं, असे साधे खेळ चालतात. हा भाग वेळ वाचवायला गाळला, की पुढे कोणीच उठत नाही. प्रवेशात निदान तीन जागा अशा हव्यात जिथे वेगळं वागणं शक्य होतं: दार ठोठावण्याआधी, पहिल्या वाक्याला आणि टोमणा आल्यावर. अशी जागाच नसेल, तर प्रेक्षक हताश होऊन बसून राहतात.

सगळ्यात अवघड काम विरोधी पात्राच्या नटाचं. वरचा शेजारी पहिल्याच गोड वाक्याला विरघळला, तर कोणी काही शिकत नाही. तो कशालाच बधला नाही, तर तिसऱ्या माणसानंतर हात वर होणं थांबतं. म्हणून तालमीत त्याची गरज आणि भीती पक्की करून घ्यावी. उदाहरणार्थ, तो कामावरून अकराला परततो, आणि 'घरमालकाकडे तक्रार जाईल' या धास्तीने आधीच चिडलेला असतो. धास्ती कमी करणारं काही कानावर पडलं तरच त्याने एक पायरी उतरायचं. धमकी मिळाली, तर एक पायरी चढायचं.

बोआल यांच्या मूळ रीतीत दबलेल्या पात्राचीच जागा घेता येते. दाबणाऱ्याला बदलून टाकलं, तर प्रश्नच नाहीसा होतो. शेजाऱ्यांच्या भांडणात दोघांची ताकद साधारण सारखी असते, म्हणून तिथे दोन्ही बाजू खुल्या ठेवलेल्या बऱ्या. पण मालक-नोकर किंवा शिक्षक-विद्यार्थी अशा प्रसंगात ही सूट देऊ नये. सोसणाऱ्यानेच समजून घ्यावं, असा अर्थ त्यातून सहज निघतो.

सूत्रधाराला बोआल 'जोकर' म्हणत, पत्त्यांमधला, कुठल्याच रंगाचा नसलेला. त्याने 'छान', 'चूक' असे शेरे मारू नयेत. प्रत्येक प्रयत्नानंतर दोनच गोष्टी विचाराव्यात: काय बदललं, आणि हे खरोखर घडू शकेल का? 'घरमालक अचानक आला आणि सगळं मिटलं' असला उपाय प्रेक्षकच हाणून पाडतात. पाच-सहा प्रयत्न पुरे होतात. पहिले दोन बहुधा मोठ्या आवाजाची माणसं बळकावतात, म्हणून आधी प्रेक्षकांना दोन मिनिटं शेजारी बसलेल्याशी जोडीने बोलायला लावावं. गप्प माणूस तिथे मोकळा होतो, आणि नंतर उठतोसुद्धा.

गावातलं किंवा संस्थेतलं चालू भांडण जसंच्या तसं दाखवू नये. नावं, नाती, व्यवसाय बदलूनही माणूस ओळखू येत असेल, तर प्रसंगच दुसरा घ्यावा. नाहीतर जो बोलला त्याला दुसऱ्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. मारहाण किंवा जिवाचा धोका असलेल्या प्रसंगात 'तुम्ही वेगळं काय केलं असतं?' हा प्रश्न पीडितावरच ठपका ठेवतो. तिथे प्रवेश आजूबाजूच्या माणसांभोवती रचावा, म्हणजे पाहणाऱ्याने काय करायचं याची तालीम होते.

शेवटची दहा मिनिटं राखून ठेवावीत. भूमिका केलेल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव मोठ्याने सांगून पात्रातून बाहेर यावं, विशेषतः खलपात्र करणाऱ्याने. चिडलेल्या आवाजाचा ताण शरीरात रेंगाळतो, आणि प्रेक्षकही नंतर त्याच्याशी तसेच वागू लागतात. त्यानंतर प्रत्यक्षात कोण कोणाशी कधी बोलणार हे ठरलं असेल, तर ते तिथेच फळ्यावर तारखेसह लिहून काढावं.