थंडीत अंगणातला, शेतातला कुत्रा: घर, अंथरूण आणि खाणं
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"भाऊ, कुत्राले घर कसाले जोयजे?" (कुत्र्याला घर कशाला हवं?) हा प्रश्न आमच्या दुकानात दर दिवाळीनंतर ऐकू येतो. विचारणाऱ्याचं फारसं चुकत नाही. खानदेश म्हटलं की मे महिन्यातलं भुसावळचं ऊनच आठवतं. पण डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावचा पारा १० अंशांच्या खाली जातो, धुळ्यात काही वर्षी त्याहून बराच खाली. तिकडे तोरणमाळ, डाब या सातपुड्यातल्या गावांत पहाटे दव गोठतं. दुपारी मात्र पुन्हा २८-३० अंश. ज्या कुत्र्याला दुपारी सावली शोधावी लागते, तोच पहाटे चार वाजता ओट्यावर अंगाचं मुटकुळं करून पडलेला असतो. या चढउतारात त्याला घर कसं द्यायचं, हे या पत्रकात सांगितलं आहे. यातल्या निम्म्या गोष्टींसाठी आमच्याकडून काही विकत घ्यावं लागत नाही.

घर मोठं नको

ग्राहक बहुतेक वेळा ऐसपैस घर मागतात, आणि आम्ही त्यांना लहान घर घ्यायला सांगतो. घरात शेगडी नसते. आतली हवा कुत्र्याच्या अंगाच्या उबेनेच तापते, आणि जागा मोठी असली तर ती ऊब पुरत नाही. कुत्र्याला आत उभं राहता यावं, वळता यावं, अंग मुडपून झोपता यावं, एवढं पुरे. साध्या गावठी कुत्र्याला सुमारे तीन फूट लांब, दोन फूट रुंद आणि सव्वादोन फूट उंच घर बहुधा बसतं. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर माप घेऊनच या.

दार मधोमध नको, एका बाजूला हवं. म्हणजे दुसऱ्या कोपऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला थेट वारा लागत नाही. दाराची उंची खांद्यापेक्षा थोडी कमी चालते, कुत्रा मान खाली घालून आत जातो. आपल्याकडे हिवाळी वारा मुख्यतः उत्तरेकडून येतो, म्हणून दार दक्षिणेला किंवा आग्नेयेला करा. सकाळचं ऊनही आत येतं. दारावर जाड बारदानाचा पडदा सोडला तर उत्तम. पहिले दोन-तीन दिवस पडदा वर बांधून ठेवा, नाहीतर कुत्रा बिचकतो आणि आत जातच नाही.

घर जमिनीवर टेकवू नका. चार विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर चार-सहा इंच उचला. थंडीत फरशी आणि ओली माती अंगातली ऊब ओढून घेतात, शिवाय पाट फुटला तर पाणी आत शिरतं. छपराखाली, दाराच्या विरुद्ध बाजूला हवेसाठी दोन-तीन भोकं असू द्या. घर अगदी बंद केलं की श्वासाची वाफ आतच साचते आणि अंथरूण दमट होतं.

नुसत्या पत्र्याचं घर आम्ही बनवत नाही. पत्रा रात्री गार पडतो आणि पहाटे आतल्या बाजूने ठिबकतो. दोन प्लायच्या मध्ये थर्माकोल भरलेलं घर करून देतो. थर्माकोल उघडा राहिला तर कुत्रा तो कुरतडून खातो, म्हणून कडा बंद असतात. बजेट कमी असेल तर २०० लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आडवा करून, पायांवर बसवून देतो. ड्रम तुम्ही आणणार असाल तर त्यात आधी काय होतं ते सांगा. कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी आम्ही घेत नाही.

अंथरूण

जुनी गोधडी टाकली की झालं, असं वाटतं. पण गोधडी दव आणि लघवी शोषून ओली राहते, आणि ओल्या अंथरुणावर झोपण्यापेक्षा अंथरूण नसलेलं बरं. त्याऐवजी गव्हाचं कोरडं काड वीतभर जाडीने टाका. कुत्रा त्यात खळगा करून बसतो आणि काड्यांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. काड नसेल तर ज्वारीच्या कडब्याची सुकी पानं चालतात, कडक ताटं तेवढी काढून टाका. हरभऱ्याचा भुसा नको, तो टोचतो आणि त्याची धूळ नाकात जाते. आठवड्यातून एकदा सगळं बाहेर काढून उन्हात पसरा. आपल्याकडे दुपारचं ऊन एवढं कडक असतं की दोन तासांत ओल जाते. घराच्या फटीही त्याच वेळी पाहून घ्या. उबदार जागी गोचीड हिवाळ्यातही टिकतात.

पाणी भरायला सोबत येणारा कुत्रा

शेतीपंपाची वीज रात्रीची असली की मालकाबरोबर कुत्राही दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला येतो. पाटातून, वाफ्यांतून फिरताना त्याचं पोट आणि पाय भिजतात. भिजलेला कुत्रा वाऱ्यात उभा राहिला की त्याला कोरड्या कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी वाजते. परत आलात की बारदानाने आधी त्याचं पोट, मग पाय पुसा. मळ्यात घर ठेवायचं असेल तर केळीच्या बागेला वाऱ्याआड जशी ताटी लावतो तशी उत्तरेकडून एक ताटी लावा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

साखळीला बांधलेल्या कुत्र्याला उन्हाकडे किंवा आडोशाला सरकता येत नाही. रात्री बांधायचाच असेल तर साखळी घराच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचेल एवढी हवी. फार आखूड किंवा जड साखळीला जास्त वेळ बांधून ठेवणं आणि पुरेसा निवारा न देणं, दोन्ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

शेकोटी आणि भरीत

पऱ्हाट्यांची (कपाशीच्या वाळक्या झाडांची) शेकोटी विझली की कुत्रा कोमट राखेत जाऊन झोपतो. खालचा निखारा जिवंत असतो. पोट, शेपूट, पंजे भाजून घेतलेले कुत्रे दर हिवाळ्यात दिसतात. उठताना राखेवर पाणी मारा. घरात बल्ब किंवा कॉइल लावून द्या म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो: कुत्रा वायर चावतो, आणि काड पेटायला एक ठिणगी पुरते. सकाळी गाडी किंवा ट्रॅक्टर सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, खाली पिल्लू झोपलेलं असू शकतं.

आता भरीत. मळ्यातल्या भरीत पार्टीत उरलेलं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी कुत्र्यापुढे टाकायची आपल्याकडे रीतच आहे. भाकरी जरूर टाका, भरीत नको. त्यातली कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने हा गुण जात नाही. त्रास लगेच दिसत नाही, एक ते पाच दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तपकिरी होते. असं दिसलं तर थेट पशुवैद्यकाकडे न्या.

बाहेर झोपणाऱ्या कुत्र्याला थंडीत खाणं थोडं जास्त लागतं. भाकरीबरोबर उकडलेलं अंडं द्या, आणि रात्रीचं जेवण झोपण्याआधी. बरगड्या हाताला लागायला हव्यात, पण लांबून दिसायला नकोत. पाणी दोन्ही वेळा बदला, सकाळचं कोमट असेल तर कुत्रा नीट पितो. आंघोळ दुपारीच, केस खोलपर्यंत कोरडे करून. केस कापू नका.

स्वेटर की झूल?

डॉबरमन, पग, म्हातारे आणि आजारी कुत्रे यांना झूल उपयोगी पडते. ती छाती-पोट झाकणारी हवी. सकाळी ऊन तापलं की काढायची आणि ओली झाली तर लगेच काढायची. धडधाकट गावठी कुत्र्याला कोरडं घर मिळालं तर झुलीची गरज नसते. आमच्याकडे झूल विकायला आहे, तरीही हेच सांगतो.

पिल्लं

पावसाळ्यानंतर माजावर आलेल्या कुत्र्यांची पिल्लं नेमकी थंडीत जन्मतात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला घाईने दूध पाजू नका. गार अंगात दूध पचत नाही, ते श्वासनलिकेतही जाऊ शकतं. आधी कोरडं करा, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, अंग हळूहळू गरम होऊ द्या. दूध त्यानंतर. मोठा कुत्रा थरथरता थरथरता एकदम थांबला आणि सुस्त पडला तर तो बरा झाला असं समजू नका, ते जास्त गंभीर आहे. उपाय तोच, आणि लगेच डॉक्टर.

माप आणि ऑर्डर

कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, खांद्याची आणि डोक्याची उंची, आणि छातीची रुंदी मोजून आणा. वाढत्या पिल्लासाठी मोठं घर घ्या आणि आत सरकती फळी लावून जागा तात्पुरती लहान करून घ्या. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माप दिलंत तर घर थंडीआधी मिळतं, नाताळात गर्दी असते. जुनं घर दुरुस्तीला आणायचं असेल तर धुऊन, उन्हात वाळवून आणा. गोचिडांसकट आलेलं घर आम्ही दारातूनच परत पाठवतो.